कार्बन-चिठ्ठी आणि बटाट्यातील पाणी : एका ब्रिटिश योजनेचा इतिहास (२००७–२०१२)

ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या किरकोळ विक्री संस्थेचे, टेस्कोचे, मुख्याधिकारी सर टेरी लेही यांनी जानेवारी २००७ मध्ये जाहीर केले की, दुकानांतील सुमारे ७०,००० वस्तूंपैकी प्रत्येकीवर तिच्या निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंत हवेत सुटणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडचा आकडा छापण्यात येईल. गृहीत उघड होते. ग्राहक आकडे ताडून पाहील, लहान आकड्याची वस्तू उचलील आणि मागणीच्या दाबाने शेतापर्यंतची पुरवठा-साखळी सुधारेल. जानेवारी २०१२ मध्ये योजना सोडून देण्यात आली. फसलेला उपक्रम म्हणून तिची नोंद केली जाते. परंतु ती नोंद अर्धीच खरी होय.

तत्पूर्वी प्रचारात असलेले माप अंतराचे, म्हणजे ‘अन्न-मैलां’चे होते. ते सोपे खरे, पण फसवे. ऊब दिलेल्या ब्रिटिश काचगृहातील टोमॅटोपेक्षा स्पेनहून ट्रकने आणलेल्या टोमॅटोस कमी ऊर्जा लागते, असे २००५ च्या सरकारी पाहणीत आढळले होते. तेव्हा संपूर्ण जीवनक्रमाचा हिशेब करणे भाग पडले. त्यासाठी २००८ मध्ये ‘पास २०५०’ हे प्रमाणही सिद्ध झाले. तथापि एकेका वस्तूच्या हिशेबास महिनेच्या महिने लागत. २००८ मध्ये वीस वस्तूंवर चिठ्ठी लागली, २०१२ पर्यंत सुमारे पाचशेंवर. या गतीने सर्व माल संपवावयास पाच शतके पुरली नसती! शिवाय इतर दुकानदार मागोमाग आले नाहीत, आणि तुलनेवाचून आकडा मुका राहतो. बटाट्याच्या काचऱ्यांच्या एका पाकिटावरील ७५ ग्रॅम हे थोडे की फार, हे ग्राहकाने कशावरून ठरवावे?

पण त्याच पाकिटाची दुसरी हकीकत अधिक बोलकी आहे. वॉकर्स या कारखान्याची साखळी कार्बन ट्रस्टने तपासली. तिचे निष्कर्ष लेही यांच्या घोषणेपूर्वीच, २००६ मध्ये, उपलब्ध होते. कारखाना बटाटा वजनावर घेई. साहजिकच शेतकरी वखारीतील हवा दमट राखीत, म्हणजे बटाटा सुकून वजन घटत नसे. त्या दमटपणासाठी वीज खर्च होई. पुढे तेच पाणी कढईत आटविण्यासाठी कारखान्यास अधिक इंधन जाळावे लागे. दोष कोणा एकाचा नव्हता. तो करारातील दराच्या मापात दडला होता. वजनाऐवजी कोरड्या अंशावर दर ठरविल्यास दोन्हीकडचा खर्च वाचतो, हे हिशेबामुळेच दिसले. चिठ्ठी वाचणाऱ्या ग्राहकास यातील काहीच कळणे शक्य नव्हते. खरेदी-अधिकाऱ्यास मात्र ते कळले.

टेस्कोलाही हे अंशतः उमगले असावे. चिठ्ठ्या चालू असतानाच, २००९ मध्ये, पुरवठादारांकडून येणाऱ्या मालामागील उत्सर्जन २०२० पर्यंत ३० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट तिने जाहीर केले. त्यात ग्राहकाच्या निवडीवर भिस्त नव्हती. बोलणी पुरवठादारांशी व्हावयाची होती.