छायाचित्रातला माणूस आणि त्याचे नाव

जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीत 1973 साली कुणाच्याही घरी स्वतःचे छायाचित्र नव्हते. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, एवढेच. तरीही त्या वर्षी माझ्या आईचे छायाचित्र निघाले. दुष्काळी कामावर ती खडी फोडत होती. शहरातून आलेल्या एका प्रवाशाने ते घेतले आणि जीपमध्ये बसून तो निघून गेला. दहा वर्षांनी, कॉलेजात असताना, मला ते एका प्रदर्शनात दिसले. खाली लिहिले होते : 'हताश. दुष्काळग्रस्त स्त्री, महाराष्ट्र.' चित्राच्या कडेला हातोडी धरलेला एक लहान हात होता. तो माझा होता.

हा प्रश्न माझ्या आईपुरता असता तर मी तो लिहिला नसता. आपल्या रोजच्या जगण्याची चित्रे बाहेरून आलेल्या माणसाने काढावीत आणि त्यांचा अर्थही त्यानेच सांगावा, याला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे.

मुंबईत छायाचित्रकारांची संस्था 1854 साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिचे सभासद होते. त्याच काळात मुंबईत राहिलेल्या विल्यम जॉन्सन या इंग्रजाने शहरातल्या नाना जातींच्या, धंद्यांच्या लोकांची छायाचित्रे घेतली. त्यांचे दोन खंड 1863 आणि 1866 साली लंडनहून प्रसिद्ध झाले. यातील अनेक चित्रांत माणसे एका जागी टिपली आहेत आणि मागचा देखावा दुसरीकडचा जोडला आहे. माणूस त्याच्या जागेवरून कापायचा, दुसऱ्या पार्श्वभूमीवर चिकटवायचा आणि खाली जात लिहायची, अशी ही रीत.

1857 च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना ही माणसे ओळखून ठेवण्याची गरज अधिकच भासू लागली. 1868 ते 1875 या काळात वॉटसन आणि के यांनी संपादिलेले 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. काही मोजक्या व्यक्तींची नावे येतात. बहुतेकांच्या वाट्याला फक्त जातीचे नाव आले. यात आपल्याला नवे काय वाटावे? गावानेही आपल्या बापजाद्यांना पिढ्यान्‌पिढ्या जातीनेच हाक मारली. यंत्र विलायतेचे होते, पण ही नजर इथल्या समाजव्यवस्थेला परकी नव्हती.

पुढे 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ पडला. मद्रास इलाख्यात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने उपासमारीने सांगाडे झालेल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर ओळीने बसवून चित्रे घेतली. ती चित्रे पाहिली की आजही अन्न गोड लागत नाही. राज्यकर्त्यांच्या कारभाराचा तो पुरावा आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याच दुष्काळाने आमच्याकडे सोलापूर, सातारा, कलादगी हे जिल्हेही होरपळले होते. 1877 च्या आरंभी सर रिचर्ड टेंपलच्या धोरणाने दुष्काळी कामावरची मजुरी कमी झाली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. म्हणजे पोटात अन्न नसलेली माणसेही मजुरीसाठी उभी राहिली होती. दुष्काळ म्हटला की डोळ्यांपुढे सांगाडे येतात. हा नकार येत नाही.

1972-73 च्या दुष्काळात, मे 1973 च्या सुमारास, महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मिलोची भाकरी, सुकडी आणि खडीचा ढीग हे आमचे त्या वर्षाचे जग. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत छापलेले ते चित्र मी घरी नेले आणि आईला दाखवले. खालचे अक्षर वाचून दाखवताच तिने विचारले, "हताश म्हंजी काय रं?"

मी म्हणालो, "खचून गेलेली."

"कोण खचलंय? मी तवा मुकादमाकडं बघत हुते. ढीग कमी मापला हुता त्यानं. भांडत हुते मी." थोडे थांबून ती म्हणाली, "नाव इचारलं असतं तर सांगितलं नसतं व्हय?"

माझ्या मते इतिहास चुकतो तो इथे. त्या प्रवाशाच्या मनात कदाचित करुणाच असेल. पण त्याने नाव विचारले नाही, म्हणून बोलणे झाले नाही. बोलणे झाले नाही, म्हणून भांडण कळले नाही. हक्काच्या मजुरीसाठी लढणारी बाई कागदावर दयेची वस्तू झाली. 1877 च्या मजुरांचेही असेच झाले असणार.

आज प्रत्येक कार्यकर्त्याच्या, विद्यार्थ्याच्या हातात कॅमेरा असलेला फोन आहे. आता प्रवासी आपणच आहोत. अत्याचार झालेल्या वस्तीत आपण जातो, रडणाऱ्या बाईचे चित्र घेतो आणि गाव सोडण्याआधीच ते शंभर ठिकाणी पाठवतो. किती जण तिला विचारतात? नाव छापलेच पाहिजे असे मी म्हणत नाही. कित्येकदा नाव छापल्याने तिच्यावर नवे संकट येते, आणि काही गुन्ह्यांत कायदाही ते छापू देत नाही. पण विचारणे हे आपले काम आहे. नाव सांगायचे की नाही, त्या क्षणी काय चालले होते, खाली काय लिहायचे, हे ज्याचे चित्र आहे त्याने ठरवावे. आपल्या शिक्षकांनी वर्गातल्या मुलांना एवढे सांगावे : घरातले जुने फोटो काढा, म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्यापुढे धरा आणि ती सांगतील ते मागे लिहा. आपला इतिहास लिहायला यापेक्षा स्वस्त साधन नाही.

आईला मी विचारले होते. ती म्हणाली, "छापू नगस. पर फोटूच्या मागं लिव्ह."

तिचे नाव, तिच्या बापाचे नाव, गाव आणि त्या दिवशीचे भांडण, सगळे मी लिहिले आहे. आई आता नाही. ते चित्र आमच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आहे; 'हताश' हा शब्द तेवढा मी कापून टाकला.