वऱ्हाडांतील पैशाचे सल्लागार

जुन्या काळीं कापसाच्या व धान्याच्या अनेक बाजारांत भाव कसा ठरत असे, हें आजच्या तरुणांस सांगितलें तर नवल वाटेल. खरेदीदार व दलाल समोरासमोर येत, दोघांच्या हातांवर रुमाल टाकला जाई, आणि रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून सौदा पुरा होई. ज्याचा माल तो शेतकरी शेजारींच उभा असे. पण भाव त्यास सर्वांच्या शेवटीं कळे. दलाल कांहीं अडाणी नसे. मालाची प्रत, मोठ्या पेठेंतील भाव, पैशाची टंचाई, हें सारें त्यास पुरतें ठाऊक असे. त्याचें ज्ञान खरें होतें; तें कोणाच्या उपयोगीं पडत आहे, एवढेंच रुमालाखालीं झांकलेलें असे. पैशाच्या व्यवहारांत सल्ला देणाऱ्या जाणत्यांचा इतिहास म्हणजे हा रुमाल हळूहळू उचलला जाण्याचा इतिहास होय. त्यांतील कांहीं महत्त्वाचीं पानें आपल्या वऱ्हाडांत लिहिलीं गेलीं आहेत.

वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस विलायतेस मिळेनासा झाला, आणि आपल्या काळ्या जमिनींतील कापसास सोन्याचा भाव आला. १८७० सालीं खामगांवापर्यंत लोहमार्गाची शाखा येऊन पोंचली. अमरावती, अकोला, कारंजा येथील पेठा गजबजल्या. पण युद्ध संपतांच भाव उतरले होते, आणि चढत्या भावाच्या भरंवशावर काढलेलें कर्ज मात्र भावाबरोबर उतरत नसतें. अशा वेळीं शेतकऱ्यानें सल्ला कोणाचा घ्यावा? ज्याचें देणें तोच सावकार सल्लागार, आणि ज्याच्या हातून विक्री तोच अडत्या सल्लागार! दरमहा शेंकडा २ रुपये व्याज कानांस किती हलकें वाटतें! परंतु वर्षाचे २४ झाले, आणि वर्षअखेर व्याज मुद्दलांत मिळवीत गेलें तर १०० रुपयांचे चार वर्षांत २३६ होतात. हें गणित सावकाराच्या मुनिमास तोंडपाठ असे. कुणब्यास तें समजावून देण्यांत मात्र कोणाचाच लाभ नव्हता.

रुमाल उचलण्याचा पहिला प्रयत्न बाजारांत झाला. १८८६ सालीं कारंजा येथें हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमानें कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. हिंदुस्थानांतील असा हा पहिला बाजार मानतात. १८९७ सालीं वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. बाजारास समिती आली. दलाल व मापारी यांस परवाना घ्यावा लागूं लागला. म्हणजे दुसऱ्याच्या पैशाविषयीं बोलणाऱ्या माणसास प्रथमच सार्वजनिक जबाबदारी आली. मात्र या कायद्यांत एक मोठी उणीव होती. समितींत व्यापारी होते, शेतकरी नव्हता. तराजू उघड्यावर आला, परंतु तराजूवर देखरेख करणारे एकाच बाजूचे राहिले.

दुसरा प्रयत्न कर्जाच्या बाबतींत झाला. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली आणि कापसाचा भाव कोसळला. त्या काळीं अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते. १९३३ च्या कर्ज-समेटाच्या कायद्याशीं त्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. या कायद्यानें समेट-मंडळें निघालीं. मंडळापुढें ऋणकोनें आपलें सारें देणें सांगावें, सावकारानें वही उघडावी, आणि तडजोड व्हावी, अशी ती योजना होती. मंडळ सक्ती करीत नसे. परंतु वाजवी तडजोड नाकारणाऱ्या सावकाराविरुद्ध ऋणकोस दाखला देई, आणि मग त्या सावकारास कोर्टांत खर्च व भारी व्याज मिळणें दुरापास्त होई. हा उपाय पुरा पडला नाहीं. १९३९ सालीं ऋण-निवारणाचा नवा कायदा करावा लागला. तरी एक गोष्ट त्यांतून शिकण्यासारखी आहे. मंडळाचे सभासद हिशेबांत मुनिमाहून हुशार होते असें नव्हे. पण सल्ला देतांना कोणाचें देणें वाढलें म्हणून त्यांचा लाभ वाढत नसे.

आज सावकाराच्या ओट्याची जागा विमा, म्युच्युअल फंड व शेअर यांनीं घेतली आहे, आणि अमरावती-अकोल्यासारख्या शहरांतूनही आर्थिक सल्लागारांच्या पाट्या दिसतात. सेबीनें २०१३ सालीं गुंतवणूक-सल्लागारांसाठीं नियम केले. त्यांस नोंदणी व परीक्षा लागूं झाली. २०२० सालीं ते नियम अधिक कडक झाले. एकाच अशिलास सल्ला देऊन त्याच्याकडून फी घ्यावयाची, आणि त्यालाच माल विकून कंपनीकडून दलालीही मिळवावयाची, हें नोंदणीकृत सल्लागारास वर्ज्य झालें. रुमाल आणखी थोडा वर उचलला गेला.

परंतु कायदा रुमाल उचलतो. खालीं पाहावयाचें काम ज्याचें त्यालाच करावें लागतें. मीं स्वतः वर्षानुवर्षें मुलांकडून चक्रवाढ व्याजाचीं उदाहरणें सोडवून घेतलीं. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या रकमेंतून एका परिचित गृहस्थाच्या आग्रहानें मीं लांब मुदतीचा विमा घेतला. तीन वर्षांनीं घरांतील आजारपणासाठीं तो मोडावयास गेलों, तेव्हां भरलेल्या पैशांपैकीं बराच भाग परत आला नाहीं. त्या गृहस्थानें मला खोटें कांहींच सांगितलें नव्हतें. त्याची मजुरी कोण देतो, एवढेंच मीं विचारलें नव्हतें. प्रश्न ओठांवर आला होता. पण भीड वाटली. भीड ही भिकेची बहीण, हें मीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल!

म्हणून श्रोतेहो, जाणत्याचा सल्ला अवश्य घ्यावा. ज्ञानाचा तिरस्कार करून कोणाचेंही भलें झालेलें नाहीं. मात्र घरांत येणाऱ्या सल्लागारास पाणी देतांनाच, त्याच्या श्रमाचे पैसे कोणाकडून व किती येतात, हें मोकळेपणानें विचारावें. प्रामाणिक माणसास त्या प्रश्नाचा राग येत नाहीं. ज्यास राग येईल, त्याचा हात अद्याप रुमालाखालीं आहे असें समजावें.