आबे फारिया आणि मानसोपचाराचे मूळ

चोपड्याच्या काठावर उभे राहिले म्हणजे शापोरा नदीपलीकडे शिवोली दिसते. आणि त्याच तीरावर, नदीच्या वरच्या अंगाला कोलवाळ हे गाव आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास ही नदी दोन सत्तांची सीमा होती. पेडणे सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होते, तर बारदेश पोर्तुगीजांकडे. कोलवाळच्या कायतान व्हितोरिनो द फारिया यांचा पुत्र जुझे कुस्तोदियो १७५६ साली कांदोळी येथे जन्मला. पुढे पॅरिसमध्ये आबे फारिया म्हणून विख्यात झालेला पुरुष तो हाच. आपल्याकडे त्याचे नाव बहुधा संमोहनाचा जादूगार म्हणून घेतले जाते. यात गौरवापेक्षा अन्यायच अधिक आहे. कारण त्याने प्रतिपादिलेले मत नेमके याच्या उलट होते.

१७७१ साली पित्यासमवेत त्याने गोवा सोडला आणि १७८० साली रोम येथे धर्मदीक्षा घेतली. १७८७ मध्ये पिंटोंचा कट उघडकीस आला. त्यात फारिया पितापुत्रांवर संशयाची छाया पडली, आणि १७८८ मध्ये पुत्राने लिस्बन सोडून पॅरिस जवळ केले. त्याच वर्षी पेडणे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

त्या काळी पॅरिसमध्ये मेस्मर या वैद्याचे मत गाजत होते. विश्वात एक सूक्ष्म चुंबकीय द्रव भरलेला असून वैद्य तो रोग्याच्या देहात खेळवितो, असे तो म्हणे. १७८४ साली राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात फ्रँकलिन व लाव्हाझिए होते, असा निर्वाळा दिला की द्रवाला काही पुरावा नाही. जे घडते ते कल्पनाशक्तीमुळे. त्याच वर्षी प्युइसेगुर या सरदाराला रोग्यांत कृत्रिम निद्रा आढळली. परंतु तिचे श्रेय त्याने चुंबककर्त्याच्या इच्छाशक्तीस दिले. समितीच्या दृष्टीने कल्पना म्हणजे भ्रम. विषय तेथेच संपला. पण केवळ कल्पनेने देहावर एवढा परिणाम होतो तरी कसा, हा प्रश्न शिल्लक राहिलाच होता.

तो फारियाने हाती घेतला. ११ ऑगस्ट १८१३ पासून क्लिशी मार्गावर त्याने दर गुरुवारी पाच फ्रँक प्रवेशशुल्क घेऊन प्रयोगयुक्त व्याख्याने आरंभिली. तो माणसास स्वस्थ बसवी, डोळे मिटून मन एकाग्र करावयास सांगे, आणि ‘झोपा!’ एवढीच आज्ञा देई. हात फिरविणे नाही, लोहदंड नाही. निद्रेचे कारण निद्रिस्ताच्याच ठायी असते. निद्रा आणविणारा केवळ निमित्तमात्र, हा त्याचा सिद्धान्त. पॅरिसमध्ये २० सप्टेंबर १८१९ रोजी तो निवर्तला. त्याच वर्षी त्याचा सुबोध निद्रेच्या कारणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्याच्या सर्वच कल्पना टिकल्या असे नाही. रक्ताच्या पातळपणामुळे काही माणसे निद्रेस लवकर वश होतात, हे त्याचे मत आज कोणी मानणार नाही. हयातीत त्याच्या वाट्यास उपहासच अधिक आला. १८१६ मध्ये रंगभूमीवर त्याच्या विद्येची टवाळी करणारे प्रहसनही झाले. चुंबकवाद्यांस तो पाखंडी वाटला, तर त्याच्या धर्मबांधवांस धर्मद्रोही.

परंतु मूळ विचार वाया गेला नाही. नान्सी येथील लिएबो या खाजगी व्यवसाय करणाऱ्या वैद्याने रोग्यांस दोन मार्ग खुले ठेवले: औषधोपचार शुल्क देऊन, संमोहन विनामूल्य. त्याचा सहकारी बर्नहाइम याने सूचनेचा सिद्धान्त मांडला आणि १८९१ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नावातच मानसोपचार हा शब्द घातला. पॅरिसचा शार्को मात्र संमोहनावस्था ही उन्मादाचीच विकृती समजे. १८८९ मध्ये फ्रॉइड नान्सीस जाऊन आला. पुढे त्याने संमोहन सोडले आणि रोग्यास मुक्तपणे बोलू देण्याचा मार्ग धरला. आजच्या खाजगी चिकित्सकांपैकी कोणी भूतकाळ उकलतो, कोणी विचारांच्या सवयी बदलवितो, कोणी नुसते ऐकतो. पद्धती भिन्न, पण बरे होण्याची शक्ती रोग्याच्याच ठायी आहे, हे सूत्र त्यांतील बहुतेकांस मान्य आहे.

१९०६ साली डॉ. दालगादो यांनी फारियाचे चरित्र लिहून त्याला विस्मृतीतून वर काढले. १९२५ मध्ये एगाश मोनिश यांनी त्याच्यावर ग्रंथ लिहिला. त्याच मोनिश यांना पुढे १९४९ मध्ये मेंदूवरील शस्त्रक्रियेसाठी नोबेल पारितोषिक मिळाले. शब्दाने उपचार करणाऱ्याचे चरित्र शस्त्राने उपचार करणाऱ्याने लिहावे, हेही नवलच. पणजीत १९४५ साली उभारलेल्या पुतळ्यात फारिया हात उंचावून उभा आहे आणि समोर स्त्री कोसळलेली आहे. शिल्प देखणे आहे. परंतु त्यात सारे सामर्थ्य त्याच्या हातात दिसते, आणि तेच तर त्याने नाकारले होते.

आमच्या पेडणे महालात मनाचे दुखणे आले म्हणजे अजूनही कित्येक कुटुंबे प्रथम देवाला कौल लावतात, घाड्याकडे जातात. त्यांना हसणे सोपे आहे. फारिया हसला नसता. त्याने एवढेच विचारले असते की, आराम पडला तो कोणाच्या बळाने? हा प्रश्न रोग्याला स्वतःविषयी आदर शिकवितो आणि उपचारकाला नम्रता. शिक्षकानेही तो स्वतःस अधूनमधून विचारावा. कारण शिकतो तो विद्यार्थी, आपण निमित्तमात्र.