मायनर्टचे तलकेंद्रक
अग्रमस्तिष्काच्या तळाशी, दोन्ही बाजूंना, चेतापेशींचा एक चपटा पट्टा असतो. व्हिएन्नाचे मेंदूतज्ज्ञ थिओडोर मायनर्ट (१८३३-१८९२) यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यातील सुमारे ९० टक्के मोठ्या पेशी अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन तयार करतात. या पेशींचे तंतू मेंदूच्या संपूर्ण बाह्यकात पसरलेले असून जागृती, अवधान व नव्या गोष्टींचे स्मरण यांना त्यांचे साहाय्य होते. अल्झायमरच्या रुग्णांमध्ये या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात, असे अमेरिकी संशोधकांनी १९८२ मध्ये दाखविले. डोनेपेझिलसारखी औषधे उरलेल्या अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन मंदावतात. त्यामुळे काही रुग्णांचे विस्मरण काही काळ आटोक्यात राहते. पेशींचा ऱ्हास मात्र थांबत नाही.