कासवीची दृष्टी

देवळात शिरताना सभामंडपाच्या फरशीत कोरलेले कासव तुम्ही पाहिले असेल. कीर्तनात त्यावरचा दृष्टान्तही ऐकला असेल. कासवी पिल्लांना पाजत नाही, भरवत नाही. दुरून नुसत्या दृष्टीने त्यांना पोसते. देव भक्ताकडे असाच पाहतो, हे संतांचे सांगणे त्याच्या जागी योग्यच आहे. प्राणिशास्त्राचा हिशेब मात्र निराळा. कासवी खड्डा करते, अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. अंडी उबवते ती जमीन, आणि जमीन तापवते ते ऊन. पिल्लू बाहेर आल्यावरही ऊन हीच त्याची आई. पण या आईची माया जास्त झाली, तर ती जीवही घेते!

असे का, ते पाहा. कासवाच्या अंगात आपल्यासारखी भट्टी नाही. सकाळी उन्हात बसल्यावाचून त्याला चालता येत नाही की खाल्लेले पचवता येत नाही. दुपारी त्याने सावली गाठली नाही, तर पाठीवरचे कवच तव्यासारखे तापते, आणि घाम येण्याची सोय तर त्याला नाहीच. त्यातून पिल्लू लहान. रांजणातले पाणी तापायला दिवस लागतो, तांब्यातले घटकेत तापते; तसेच हे. मोठे कासव तासभर सोसेल ते ऊन पिल्लाला थोड्याच वेळात भोवते. म्हणून कासवाची पिल्ले सांभाळणे म्हणजे निम्मे काम ऊन आणि सावली सांभाळण्याचे.

हा उन्हाचा हिशेब बारकाईने टिपून ठेवणारांत इंग्लंडातले एक पाद्री, गिल्बर्ट व्हाइट, यांचे नाव घ्यावे लागेल. त्यांच्या आत्याच्या बागेत एक कासव होते. आत्याबाईंच्या पश्चात, 1780 साली, त्यांनी ते सेलबोर्न गावी आपल्या घरी आणले. ऐन उन्हाळ्यात ते कोबीच्या पानाखाली दडून बसे. ऊन उतरणीला लागले की भिंतीला टेकून पाठ तिरपी करी, म्हणजे किरण अंगावर सरळ पडत. 1789 साली छापलेल्या त्यांच्या पुस्तकात हे सारे आले आहे. गंमत अशी की, त्या कासवाचे नाव टिमथी, म्हणजे पुरुषाचे. आणि मेल्यानंतर कळले की ती मादी होती.

नर की मादी, हा प्रश्न पुढे एका बेटावर फार मोलाचा ठरणार होता.

दक्षिण अमेरिकेतील एक्वादोर देशाच्या पश्चिमेला, सुमारे हजार किलोमीटर समुद्रात, गालापागोस बेटे आहेत. चार्ल्स डार्विन 1835 साली गेले होते तीच ही. तेथली कासवे अवाढव्य. अन्नपाण्यावाचून ती महिनोन् महिने जगतात, म्हणून खलाशी त्यांना जिवंत शिदोरी समजून गलबतात भरून नेत. मागे राहिल्या त्या माणसाने आणलेल्या शेळ्या नि उंदीर. एस्पान्योला बेटावर शेवटी चौदाच कासवे उरली, बारा माद्या आणि दोन नर. तीही इतकी विखुरलेली की एकमेकांना भेटणे मुश्कील! 1963 ते 1974 या काळात त्यांना एकेक करून सांताक्रूझ बेटावरच्या संशोधन केंद्रात आणले गेले. तिसरा नर 1977 साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून आला.

माणसाने अंडी उचलली, म्हणजे जमिनीचे काम त्याच्या गळ्यात पडले. कोंबडी अंडी उलटीपालटी करते. कासवाचे अंडे तसे फिरवले तर आतला जीव दगावतो. म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून ते जसेच्या तसे ठेवायचे. आणि ऊब किती द्यायची? येथे विज्ञानाने एक नवल दाखवले. 1966 साली डाकार येथे मादलेन शार्निए या बाईंनी सरड्याच्या अंड्यांत पाहिले की नर की मादी हे उष्णतेवर ठरते. पाठोपाठ फ्रान्समध्ये क्लोद पिओ यांना कासवांतही तेच आढळले. गालापागोसच्या कासवांत 28 अंश सेल्सियसला नर निपजतात, साडेएकोणतीसला माद्या. अवघा दीड अंश! आपल्या ओसरीत आणि अंगणात भर दुपारी याहून कितीतरी अधिक फरक असतो.

आपल्याकडेही हे लागू आहे बरे का. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर 2002 सालापासून समुद्रकासवांची अंडी कुंपणात जपतात. तेथेही वाळू जितकी तापेल तितक्या माद्या अधिक.

सांताक्रूझला पिल्लू अंड्यातून निघाले की त्याला लगेच उन्हात सोडत नाहीत. रानात ते काही आठवडे जमिनीखालीच असते, पोटातल्या बलकावर जगते. म्हणून येथेही त्याला अंधाऱ्या पेटीत ठेवतात. मग दगडी भिंतींच्या आवारात, वर उंदरांसाठी जाळी. ऊन हवे तेव्हा ऊन, नको तेव्हा आडोसा, आणि पाणी. पिल्लाने आपल्या पायांनी हवे ते गाठावे. मला यातले शहाणपण आवडते. एकच ठरावीक उष्णता माणसाने लादायची नाही, निवड पिल्लाची. चार-पाच वर्षांत कवच उंदराच्या दाताला दाद देईनासे झाले की बेटावर पाठवणी. एस्पान्योलाची पहिली तुकडी 1975 साली गेली. 2020 साली काम थांबवले तेव्हा चौदा नि एक अशा पंधरा जुन्या कासवांची जवळजवळ दोन हजार संतती झाली होती. ते पंधराही म्हातारे त्याच वर्षी घरी परतले.

पिन्सोन नावाच्या बेटाची कथा आणखी बिकट. तेथे म्हातारी कासवे होती, अंडीही घालत. पण एकूणएक पिल्लू उंदीर खात. 1965 पासून अंडी उकरून सांताक्रूझला आणावी लागली. 2012 साली बेटावरचे उंदीर संपवले. दोन वर्षांनी, 2014 च्या डिसेंबरात, शोधणाऱ्यांना तेथल्या झुडपांत दहा इवली पिल्ले दिसली. शंभराहून अधिक वर्षांत तेथे प्रथमच पिल्ले जगली होती. त्यांची अंडी कोणी पेटीत ठेवली नव्हती की त्यांच्यासाठी कोणी आडोसा केला नव्हता.