साफेदचे सोबती

इ. स. १५७५ मध्ये गॅलिलीच्या डोंगरांत वसलेल्या साफेद या गावी डझनभर ज्यू विद्वानांनी एका करारपत्रावर सह्या केल्या. करार जमिनीचा नव्हता की व्यापाराचाही नव्हता. आपण सर्वांनी मिळून एक मंडळ व्हावे, रब्बी हाय्यिम विताल यांच्यापाशी बसून ‘सत्य विद्या’ शिकावी, ते आपण होऊन जेवढे सांगतील त्याहून अधिक सांगण्याचा त्यांना आग्रह करू नये, आणि जे ऐकले ते त्यांच्या अनुज्ञेवाचून बाहेर कोणालाही कळू देऊ नये, असा तो करार होता. मुदत दहा वर्षांची. गुरुशिष्यांनी कागद करून विद्या शिकावी, हे आपल्या वाचकास चमत्कारिक वाटेल. परंतु या कागदामागे कब्बाला नामक ज्यू गूढविद्येचा मोठा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासात ग्रंथांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व सोबत्यांना आहे.

‘कब्बाला’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘ग्रहण केलेले’, म्हणजे परंपरेने हाती आलेले. ईश्वराचे मूळ स्वरूप अनंत आणि अज्ञेय. त्याला ‘एन सोफ’ म्हणजे ‘अंत नसलेले’ असे म्हणत. या अनंतापासून दहा ‘सेफिरोत’, म्हणजे दहा दिव्य शक्ती, प्रकट झाल्या आणि त्यांच्याद्वारे सृष्टी चालते. मनुष्याच्या प्रत्येक सत्कर्माने वा दुष्कर्माने त्या शक्तींतील मेळ साधतो किंवा बिघडतो. या विचाराची सूक्ष्म अंगे अनेक आहेत. येथे एवढे पुरे.

अशी विद्या शिकवावी कोणाला? प्राचीन मिश्ना ग्रंथाचा दंडक फार कडक होता. सृष्टीच्या उत्पत्तीचे रहस्य एका वेळी दोघांना सांगू नये. यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेल्या दिव्य रथाचे रहस्य तर एकट्यालाही सांगू नये, तो स्वतःच्या बुद्धीने समजू शकणारा ज्ञाता असल्यास गोष्ट वेगळी. म्हणजे जितके रहस्य खोल, तितके ऐकणारे कमी. हा दंडक पाहिला तर पुढे याच विद्येची साधना मंडळ करून होऊ लागली, हे नवलच म्हणावयाचे.

या बदलाचा उगम ‘झोहार’ या ग्रंथात दिसतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कास्तील प्रांतात तो प्रकट झाला. त्याचे कर्तृत्व दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बर योहाय यांच्याकडे देण्याची परंपरा आहे. आधुनिक संशोधक मात्र त्याचा संबंध मुख्यतः मोझेस दे लेओन आणि त्यांच्या वर्तुळाशी जोडतात. झोहार हा सूत्रबद्ध शास्त्रग्रंथ नव्हे. त्यात शिमोन आणि त्यांचे सोबती वाटेने चालले आहेत, मध्येच कोणी धर्मवचनाचा अर्थ सांगतो, दुसरा त्यात भर घालतो, ऐकणारे आनंदाने रडू लागतात. एखादा गाढववाला भेटतो आणि तोच मोठा ज्ञानी निघतो! ‘इद्रा रब्बा’ या भागात गुरू आपल्या नऊ सोबत्यांना घेऊन बसतात व अतिगूढ रहस्ये उघडतात. त्या तेजाने तिघे सोबती तेथल्या तेथे देह ठेवतात. ‘इद्रा झुता’ म्हणजे लहान सभा. ही गुरूच्या मृत्यूच्या दिवशी भरते. रब्बी अब्बा यांनी लिहावे, मुलगा एलाझार याने म्हणावे, इतरांनी मनात घोळवावे, अशी कामांची वाटणी शिमोन करतात आणि बोलू लागतात. अब्बा खाली मान घालून लिहीत राहतात. ‘जीवन’ हा शब्द उच्चारला जात असतानाच आवाज थांबतो, आणि पुढचे लिहावे म्हणून लेखणी सज्ज करून बसलेल्या अब्बांच्या कानी काहीच येत नाही.

ही सभा इतिहासात घडली असो वा कल्पनेत, साफेदच्या मंडळींनी ती कित्ता म्हणून पुढे ठेवली. १४९२ साली स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली. १५९७ नव्हे, तर अवघ्या पाच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालनेही त्यांच्यावर सक्तीचे धर्मांतर लादले. १५१६ मध्ये पॅलेस्टाईन तुर्कांच्या अमलाखाली आले आणि निर्वासितांचे अनेक जथे तिकडे वळले. साफेद लोकरीच्या कापडावर भरभराटीस आले. जवळच मेरोन येथे शिमोन बर योहाय यांची समाधी मानली जाते, हेही आकर्षण होतेच. घरदार हरवलेल्या माणसांना आपल्या देशोधडीस लागण्याचा अर्थ हवा होता. कब्बालेने तो दिला, आणि तो शोधण्यासाठी सोबतही दिली.

शलोमो अल्काबेत्झ आणि त्यांचे मेहुणे मोशे कोर्दोवेरो (१५२२–१५७०) हे या मंडळींतील अग्रणी. १५४८ पासून ते काही सोबत्यांसह साफेदच्या आसपासच्या शेतांतून व संतांच्या समाध्यांवरून हिंडत असत. या भ्रमंतीला त्यांनी ‘गेरुशिन’ म्हणजे ‘हद्दपारी’ असे नाव दिले होते. देवाचे सान्निध्य जगात हद्दपार होऊन हिंडते आहे, त्याच्याबरोबर आपणही हिंडावे, ही त्यामागील भावना. चालता चालता पूर्वतयारीवाचून मनात जे अर्थ स्फुरत ते एकमेकांना सांगत, आणि कोर्दोवेरो ते टिपून ठेवीत. आपल्याकडील दिंडीची आठवण होते खरी. पण येथे नामघोष नव्हता, वचनांचा काथ्याकूट होता.

कोर्दोवेरो यांनी सोबत्यांसाठी घालून दिलेले नियम उपलब्ध आहेत. त्यांत तत्त्वज्ञान जवळजवळ नाही. रागावू नये. सोबत्यांशी हिब्रूतच बोलावे. दररोज एका सोबत्याशी भक्तीविषयी संभाषण करावे. आणि शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी त्याच सोबत्यापाशी सबंध आठवड्यात आपण काय काय केले याचा पाढा वाचावा, व मग तेथून शब्बाथ-राणीच्या स्वागताला जावे. दहा सेफिरोतांवर शेकडो पाने लिहिणाऱ्या पुरुषाला शिष्याच्या रागाची आणि आठवड्याच्या हिशेबाची एवढी चिंता वाटावी, यातच त्याची थोरवी आहे. अनंताचे ज्ञान सांगणारे पुष्कळ भेटतात. शुक्रवारी आपले ऐकून घेणारा एक माणूस मिळणे कठीण.

कोर्दोवेरो वारले त्याच वर्षी, १५७० मध्ये, इजिप्तहून यित्झाक लुरिया साफेदला आले. पूर्वायुष्यात त्यांनी मिऱ्यांचा व्यापारही केला होता. लिखाण फारसे केले नाही. अवघी दोन वर्षे ते साफेदमध्ये होते, आणि १५७२ च्या साथीत अडतिसाव्या वर्षी वारले. तरीही कब्बालेचा पुढील सारा प्रवाह त्यांच्या नावाने ओळखला जातो. सृष्टीच्या आरंभी दिव्य प्रकाशाची पात्रे फुटली, त्यांतील ठिणग्या जगभर विखुरल्या, त्या वेचून विश्वाची डागडुजी करणे हे माणसाचे काम, ही त्यांची शिकवण. ते शिष्यांना सांगत की, सकाळच्या प्रार्थनेपूर्वी प्रत्येकाने शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करण्याची आज्ञा मनोमन स्वीकारावी. सोबत्यांपैकी कोणी दुःखात असेल, त्याच्या घरी आजारपण असेल, तर त्याच्या व्यथेत सर्वांनी वाटेकरी व्हावे. एकाची प्रार्थना एकट्याने वर चढत नाही, अशी ही श्रद्धा.

हे सारे उदात्त. पण माणसे ती माणसेच. विताल यांनी नमूद केले आहे की, लुरियांनी सोबत्यांसाठी एक वाडा सिद्ध केला आणि सर्वांना बायकामुलांसह तेथे राहावयास आणले. पाच महिने बरे गेले. मग बायकांत कुरबुर झाली, ती नवऱ्यांच्या कानी गेली, आणि विश्वाची डागडुजी करू पाहणारे सोबती आपसांत भांडू लागले. गुरूंनी अनेकदा बजावले, उपयोग झाला नाही. आपल्यात सलोखा होता तोवर आपल्याला भय नव्हते, असे लुरिया खिन्नतेने म्हणाले. त्यानंतर थोड्याच काळात ते गेले. विताल यांच्या मते गुरूच्या मृत्यूला साथीपेक्षा हे भांडणच कारण झाले. बायकांवर दोष ढकलण्याची जुनी खोड यात आहेच. नवऱ्यांना ऐकून न ऐकल्यासारखे करता आले असते.

१५७५ चा करार या जखमेनंतरचा आहे. तो दहा वर्षे काही टिकला नाही. दोनेक वर्षांतच विताल जेरुसलेमला निघून गेले. हस्तलिखिते त्यांनी प्राणापलीकडे जपली. पण पुढे ते आजारी असता त्यांच्या भावाला पैसे देऊन ती तीन दिवसांपुरती मिळवली गेली आणि अनेक लेखकांना बसवून घाईघाईने नकलून घेतली गेली, अशी कथा सतराव्या शतकाच्या आरंभापासून सांगितली जाते. काही असो, लुरियांची विद्या मंडळाबाहेर पडली ती पडलीच. पुढे १६६६ मध्ये स्वतःला मसीहा म्हणवणारे शब्बेताय झेवी तुर्की सुलतानासमोर मुसलमान झाले. त्यांच्यामागे गेलेल्या हजारोंच्या आशा धुळीस मिळाल्या, आणि त्या खळबळीचे खापर बऱ्याच अंशी कब्बालेवर फुटले. १७५६ मध्ये पोलंडमधील ब्रोडी येथे रब्बींनी ठरवले की, तिशीपूर्वी झोहार आणि चाळिशीपूर्वी लुरियांचे लिखाण कोणी वाचू नये.

मात्र जेरुसलेममध्ये याच सुमारास जुनी कल्पना नव्याने फुलली. तेथील बेथ एल ही पाठशाळा १७३७ मध्ये स्थापन झालेली. येमेनहून आलेले शालोम शराबी हे तिचे पुढे प्रमुख झाले. १७५४ मध्ये तेथील सोबत्यांनी ‘अहावत शालोम’ या नावाने मैत्रीचे करारपत्र केले, आणि पुढील वर्षांत अशी आणखी पत्रे झाली. साफेदच्या करारात गुरू मध्यभागी होता. येथे सारे समान. आपण बाराजण जणू एकच देह आहोत, असे मानावयाचे. एकाचे पुण्य ते सर्वांचे. परलोकी ज्याला वरचे स्थान मिळेल त्याने मागे राहिलेल्यांसाठी खटपट करावयाची. एखादा इतरांहून श्रेष्ठ आहे हे उघड दिसत असले तरी सोबत्याने त्याची स्तुती करावयाची नाही. तो आला म्हणून पूर्ण उठून उभेही राहावयाचे नाही. आणि असा करार झाला आहे हे बाहेर सांगावयाचे नाही! सह्या करणाऱ्यांत शराबी स्वतः होते. मानापमानाने मंडळे कशी फुटतात, हे पाहिल्याखेरीज असली कलमे सुचत नाहीत.

या गुप्ततेला खरे आव्हान दिले ते मुद्रणाने. १५५८ ते १५६० या काळात इटलीतील मांतुआ येथे झोहार छापला गेला, तेव्हाच रब्बींत कडाक्याचा वाद माजला होता. छापील पुस्तक वाचणाऱ्याचे वय पाहत नाही, त्याचे सोबती कोण हेही विचारीत नाही. हाच वाद सव्वातीनशे वर्षांनी पुण्यात उपटला. डेव्हिड ससून यांच्यासारख्या बगदादी ज्यू व्यापाऱ्यांनी मुंबई-पुण्यात बस्तान बसवले होते. पुणेकर ज्याला लाल देऊळ म्हणतात ते १८६७ मध्ये पुरे झालेले सिनेगॉग ससून यांनीच उभारलेले. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल वेगळे. या बगदादी मंडळींची घरची भाषा अरबी, लिपी हिब्रू. याच समाजातील अब्राहम डेव्हिड एझिकेल हे पुण्यात राहत आणि थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद होते. त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, आणि १८८७ मध्ये ‘इद्रा झुता’चे अरबी भाषांतर हिब्रू लिपीत छापून प्रसिद्ध केले.

मरणोन्मुख गुरूने निवडक सोबत्यांना सांगितलेले शब्द आता कोणाही बगदादी दुकानदाराला घरच्या बोलीत वाचता येणार होते. बगदादच्या रब्बींनी तीव्र आक्षेप घेतला. त्यांत रब्बी योसेफ हाय्यिम होते, आणि त्यांना जुन्या मताचे म्हणून बाजूस सारता येत नाही. आठवड्याच्या प्रवचनांत कब्बालेचे विचार सामान्य श्रोत्यांच्या गळी उतरवणारे ते लोकप्रिय वक्ते होते. गूढविचार लोकांपर्यंत जाऊ नये असे त्यांचे म्हणणे असणे शक्य नव्हते. श्रोत्यांसमोर बसून, त्यांचे चेहरे पाहत, बेताबेताने सांगणे वेगळे आणि इद्रा उघडी करून हाती देणे वेगळे, असाच हा भेद दिसतो. एझिकेल यांच्या बाजूलाही बळ होते. थिऑसॉफीने धर्म, वंश आणि जात न पाहता सर्व मानवांचे बंधुत्व हे आपले ब्रीद मानले होते. त्या दृष्टीने बाराजणांपुरते प्रेम म्हणजे कुंपण घातलेले शेत. परंतु जेरुसलेमचे ते बाराजण एकमेकांचे राग-लोभ ओळखत होते आणि त्यावर कलमे लिहीत होते. अखिल मानवजातीशी असा करार करण्याची सोय नसते. विरोध झाला तरी पुण्यात छापलेली ती प्रत नाहीशी झाली नाही, आणि एझिकेल यांच्या छापखान्यातून कब्बालेवरील आणखी पुस्तकेही बाहेर पडली.