सैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन : दावा फेटाळला गेल्यास अपील कुठे आणि कसे?

सैन्यातून निवृत्त होणाऱ्या किंवा वैद्यकीय कारणास्तव मुदतीपूर्वी सेवामुक्त होणाऱ्या जवानाची वैद्यकीय मंडळाकडून तपासणी होते. अंगावर राहिलेला जखमेचा व्रण, त्यामुळे आखडलेला सांधा, कमी झालेली श्रवणशक्ती, फिट्स, रक्तदाब अशा प्रत्येक दोषाची नोंद त्या वेळी केली जाते. पुढे अपंगत्व निवृत्तिवेतन मिळणार की नाही, हे बहुतांशी याच अहवालावर ठरते. अहवाल प्रतिकूल आला की अनेक माजी सैनिक तो अंतिम मानून घरी बसतात. वस्तुतः मंडळाचा अभिप्राय हा शेवटचा शब्द नव्हे. त्यावर अपिलाचे अनेक टप्पे उपलब्ध आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली तत्त्वे अनेक बाबतींत सैनिकाच्या बाजूची आहेत.

दोन कसोट्या

अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी दोन प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची ठरतात. दोष सैनिकी सेवेमुळे उद्भवला किंवा सेवेमुळे बळावला काय, हा पहिला प्रश्न. त्याचे प्रमाण किमान 20 टक्के आहे काय, हा दुसरा. व्रण डोळ्यांना कितीही ठळक दिसला, तरी मंडळाने त्याची टक्केवारी 20 पेक्षा कमी ठरवल्यास दावा अडतो. म्हणूनच व्रणाबरोबर हालचालीवर आलेली मर्यादा, वेदना, मज्जातंतूंची हानी यांची स्वतंत्र नोंद झाली आहे का, हे अहवालात तपासणे आवश्यक असते. एकाहून अधिक दोष असल्यास मंडळ एकत्रित टक्केवारी ठरवते. ती सरळ बेरीज नसते.

शंकेचा फायदा कोणाला?

या विषयातील सर्वाधिक उद्धृत होणारा निकाल म्हणजे धर्मवीर सिंग विरुद्ध भारत सरकार (2013). सिग्नल कोअरमधील या जवानाला सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर फिट्सच्या विकारामुळे सेवामुक्त करण्यात आले. अपंगत्व 20 टक्के ठरले. मात्र विकाराचा सेवेशी संबंध नाही, असे मंडळाने नमूद केले आणि निवृत्तिवेतन नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल देताना पुढील तत्त्वे स्पष्ट केली. भरतीच्या वेळी दोषाची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरावे. पुराव्याचा भार सैनिकावर टाकू नये. वाजवी शंका उरल्यास तिचा फायदा त्यालाच द्यावा. भरतीच्या वेळी दोष ओळखता येणे शक्य नव्हते असे म्हणायचे असल्यास मंडळाने त्याची कारणे दिली पाहिजेत.

तथापि हे तत्त्व सरसकट लागू होत नाही. रजेवर गावी असताना झालेल्या दुचाकी अपघातातील दुखापतीचा सेवेशी संबंध नाही, असा निर्णय न्यायालयाने जुझार सिंग प्रकरणात (2011) दिला. नरसिंग यादव प्रकरणात (2019) मानसिक आजाराबाबतचा दावाही मान्य झाला नाही. दुखापत कर्तव्यावर असताना कशी झाली, याची त्या वेळची कागदोपत्री नोंद म्हणूनच मोलाची ठरते.

टक्केवारीचे पूर्णांकन

ठरलेली टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची तरतूद 1 जानेवारी 1996 पासून लागू झाली. 50 पेक्षा कमी असलेले अपंगत्व 50 टक्के, 50 ते 75 दरम्यानचे 75 टक्के आणि त्यापुढचे 100 टक्के धरले जाते. आरंभी हा लाभ वैद्यकीय कारणास्तव मुदतीपूर्वी बाहेर पडलेल्यांपुरताच होता. राम अवतार प्रकरणातील डिसेंबर 2014 च्या निकालाने तो पूर्ण मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही खुला झाला.

याचा आर्थिक परिणाम मोठा आहे. 100 टक्के अपंगत्वासाठी अपंगत्व घटक सर्वसाधारणपणे शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के असतो. समजा, शेवटचे वेतन 40,000 रुपये होते. 100 टक्क्यांसाठी अपंगत्व घटक 12,000 रुपये होतो आणि 20 टक्क्यांसाठी 2,400 रुपये. पूर्णांकनाने 20 चे 50 टक्के झाले की हीच रक्कम दरमहा 6,000 रुपये होते. युद्धात जखमी झालेल्यांसाठी वेगळा घटक असून त्याचा दर अधिक आहे.

अपिलाचे टप्पे

दावा फेटाळल्याचे पत्र मिळाल्यावर सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करायचे असते. ते प्रथम अपील समितीपुढे जाते. तेथेही नकार मिळाल्यास द्वितीय अपील समितीकडे दाद मागता येते.

यानंतरचा मार्ग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा. 2007 च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे कामकाज 2009 मध्ये सुरू झाले. गोवा, महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये मुंबई खंडपीठाच्या कक्षेत येतात. बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असले, तरी कर्नाटकासाठी कोची येथील खंडपीठ आहे. मध्य प्रदेशातील माजी सैनिकांसाठी जबलपूरचे खंडपीठ आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावा, असा नियम आहे. उशिराचे समाधानकारक कारण दिल्यास न्यायाधिकरण तो माफ करू शकते. अर्जदार स्वतः बाजू मांडू शकतो किंवा वकील देऊ शकतो.

न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट अरुंद आहे. त्यासाठी सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा असावा लागतो. उच्च न्यायालयाचे दार 2015 च्या एका निकालानंतर जवळपास बंद झाले होते. मार्च 2023 मध्ये पुरुषोत्तम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा खुले केले.

उशिराची किंमत

निवृत्तिवेतनाचा हक्क दरमहा नव्याने उद्भवतो, त्यामुळे जुना दावा केवळ उशिरामुळे मरत नाही. मात्र थकबाकी हातची जाते. तरसेम सिंग 1983 मध्ये सेवामुक्त झाले आणि 1999 मध्ये न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये त्यांची थकबाकी अर्ज दाखल होण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. मधल्या इतर वर्षांची रक्कम त्यांना मिळू शकली नाही.

कागद आणि तारीख

कोणती नियमावली लागू होते, हे सेवामुक्तीच्या तारखेवर अवलंबून असते. 1982 च्या नियमांनंतर 2008 ची नियमावली आली आणि 21 सप्टेंबर 2023 रोजी नवी नियमावली जारी झाली. नवी नियमावली त्यानंतर सेवामुक्त होणाऱ्यांसाठी आहे. आधीच्यांचे दावे जुन्या नियमांनुसार तपासले जातात.

अपिलासाठी पाच कागद हाताशी असावेत : भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, दुखापतीचा अहवाल, चौकशी झाली असल्यास तिचे निष्कर्ष, अखेरच्या वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि दावा फेटाळल्याचे पत्र. प्रती जवळ नसल्यास आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागणी करावी. गरज पडल्यास माहिती अधिकाराचा वापर करता येतो. अर्जाच्या मसुद्यासाठी सैनिक कल्याण कार्यालयाकडे विचारणा करता येते. अपील लिहिताना मंडळाने ‘सेवेशी संबंध नाही’ असे म्हणताना कोणती कारणे दिली, हे प्रथम पाहावे. कारणेच दिलेली नसतील, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच असावा.